दोन नंबरचा पंप आणि आमचे हे

आमच्या ह्यांना सगळं शहर पाणक्या म्हणतं. तोंडावर नाही, पाठीमागे. तोंडावर विद्यापीठातली पोरं ‘काका’ म्हणतात, आणि जुने खाणवाले नुसतं ‘काय रे’ म्हणून भागवतात. खाण बंद झाल्यापासून एकोणीस वर्षं हे जमिनीखालचं पाणी वर काढत होते आणि तेवढीच एकोणीस वर्षं मी म्हणत होते, बास झालं, निघू या.

मला इथून निघायचं होतं. सगळी कथा एवढीच आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. लेक लांबच्या शहरात नोकरी करते. तिच्या घरात आमच्यासाठी एक खोली रिकामी आहे. खोलीला दोन खिडक्या, आणि त्यांतून ना खाणीचं चाक दिसतं ना कारखान्याची भिंत. तिने हौसेने पडदेसुद्धा लावून ठेवले होते. ते पडदे धुऊन धुऊन विटले, तरी आम्ही काही पोचलो नाही.

खाण बंद झाली म्हणजे काय झालं, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. त्याला वाटतं, कुलूप लावलं, विषय संपला. पण कोळसा काढायचं थांबलं म्हणून पाणी यायचं थांबत नाही. आमच्या शहराखाली शंभर वर्षांची भुयारं आहेत, एकाखाली एक अशी तीन मजले. त्यांत चहूबाजूंनी पाणी झिरपतं. ते उपसलं नाही तर चढत चढत वर येतं. आणि वर आता काय काय आहे! खाणीची जागा आणि पंप आता विद्यापीठाकडे आहेत, यंत्रघरात त्यांचा इतिहास विभाग आहे. पाळी सुटल्यावर काळी झालेली माणसं जिथून गोरी होऊन बाहेर पडायची, त्या न्हाणीघरात कँटीन आहे. पलीकडे बॅटऱ्यांचा कारखाना, काचेचा कारखाना, आणि आणखी एक मोठा पांढरा कारखाना, ज्यात नेमकं काय बनतं ते तिथे कामाला असलेल्यांनाही सांगता येत नाही. खाणीच्या मनोऱ्यावरच्या चाकाला पिवळा रंग दिलाय, आणि पदवी मिळाली की पोरं त्याच्याखाली उभी राहून फोटो काढतात. त्या चाकाखालून माणसं वरखाली जायची, हे त्यांना पाटी वाचून कळतं. पाटी कोण वाचतंय म्हणा.

मी त्याच खाणीच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होते. चोवीस वर्षं. खाली पाच ठिकाणी फोन होते, आणि त्यांतून येणारी खरखर, घरघर, पाण्याचं टपटपणं बाजूला सारून त्यातून माणसाचं बोलणं वेचायचं, हे माझं काम. ह्यांचा आवाज मी आधी ऐकला, तोंड आठ महिन्यांनी पाहिलं. हे खालच्या पंपावर होते. पाळीत दोनदा फोन करून पातळी सांगायचे, मी लिहून घ्यायचे. ‘पाणी साडेचार फूट.’ बस, एवढंच. एके दिवशी म्हणाले, ‘पाणी चार फूट, आणि तुम्हाला सर्दी झालीय, गरम पाण्याच्या गुळण्या करा.’ घरच्यांच्या लक्षात न आलेली सर्दी ह्या माणसाने जमिनीच्या पोटातून ओळखली. लग्नाला मी तयार झाले ती त्या सर्दीवर. तोंड पाहिल्यावर जरा हिरमुसले, पण तोवर होकार देऊन बसले होते.

खाण बंद व्हायची ठरली तेव्हा बाहेरून काही सल्लागार आले. कडक इस्त्रीचे, गोड बोलणारे. त्यांनी सगळ्या जुन्या माणसांना एकेक रजिस्टर दिलं. म्हणाले, तुमचं काम तुम्ही जसं करता तसं लिहून द्या, तुमचं ज्ञान जपून ठेवायचंय. माणसांना खाणीत नेणारा-आणणारा पाळणा चालवायचा तो ड्रायव्हर ह्यांचा जिवलग मित्र. त्याने जीव ओतून चाळीस पानं लिहिली, आकृत्या काढल्या, रंगीत पेन्सिलीने बाण दाखवले. रजिस्टर जमा केलं आणि आठव्या दिवशी त्याला आभाराचं पत्र मिळालं. उद्यापासून येऊ नका. मग दिवेघरवाला, मग सुतार. ज्याने ज्याने मन लावून लिहिलं, तो तो घरी गेला. माझं रजिस्टर तर त्यांनी मागितलंसुद्धा नाही. बोर्डाच्या तारा उपटल्या आणि मला गेटपर्यंत सोडायला शिपाई दिला. ते मी अजून विसरलेले नाही.

आमच्या ह्यांनी तीन दिवस विचार केला आणि रजिस्टर लिहिलं. सुंदर अक्षरात, एकही खाडाखोड नाही. आणि त्यातला प्रत्येक महत्त्वाचा आकडा खोटा.

दोन नंबरचा पंप हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात खट्याळ. तो सुरू करताना व्हॉल्व्हचं चाक अकरा फेरे उघडायचं, चार मिनिटं थांबायचं, मग एक फेरा मागे घ्यायचा. ह्यांनी लिहिलं, सात फेरे, एक मिनिट. मागे घ्यायचं तर लिहिलंच नाही. आपली नोकरी वाचवायला सगळ्यांनीच काही ना काही केलं असेल, पण एवढ्या वळणदार अक्षरात खोटं बोललेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

मला हे त्याच आठवड्यात कळलं, कारण ह्यांना माझ्यापासून काही लपवता येत नाही. काही लपवत असले की जेवताना मीठ मागायचं विसरतात. मी म्हटलं, ‘अहो, हे अंगाशी येईल.’

‘सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे,’ हे म्हणाले. ‘लेकीचं शिक्षण संपू दे. मग खरं काय ते सांगून टाकतो आणि निघू.’

लेकीचं शिक्षण संपलं, नोकरी लागली, लग्न झालं. लग्नाच्या दिवशी हे मंडपातून तीनदा उठून पंपावर जाऊन आले. व्याह्यांना वाटलं, ह्यांचं पोट बिघडलंय. मीही तसंच सांगितलं.

मधल्या काळात विद्यापीठाने तीन इंजिनीअर पाठवले. तिघांनी रजिस्टर उघडलं, त्याप्रमाणे सात फेरे दिले, आणि दोन नंबर असा काही खडखडला की तिघांनी हात टेकले. मग हे खुर्चीवरून उठायचे, चाकाला हात घालायचे, आणि पंप शहाण्यासारखा चालू लागायचा. साहेब लोक म्हणायचे, काकांच्या हातात जादू आहे. रजा मागितली की म्हणायचे, काका, तुमच्याशिवाय कसं व्हायचं? चार तासांपेक्षा जास्त ह्यांना शहराबाहेर राहता येईना. पाणी तेवढीच मुदत द्यायचं. मी नकाशावर एकदा मोजलं होतं, चार तासांत कुठवर जाऊन परत येता येतं. एक धरण, एक बाजारपेठ आणि माझ्या मावशीचं घर. मावशीशी माझं पटत नाही.

नोकरी टिकवायला ह्यांनी एक भिंत बांधली होती आणि आता आम्ही दोघं तिच्या आत होतो. बाहेर यायचं तर तोंड उघडायला हवं. तोंड उघडलं की एवढ्या वर्षांचा खोटेपणा बाहेर. तिघा इंजिनीअरांची नामुष्की, त्यांच्या हातून जळालेल्या मोटारी, सगळं ह्यांच्या माथी. मी भांडायचे, हे मूग गिळून बसायचे. क्वार्टरच्या फरशीतून पंपाची घरघर तळपायांना लागायची. मला तर कधी कधी वाटायचं, पाण्यापेक्षा आम्हीच खाली आहोत.

आणि मग ह्यांचे कान गेले.

पंपाचं पोट कसं आहे ते कळायला हे एक लांब सळई वापरायचे. तिचं एक टोक पाइपला टेकवायचं आणि दुसरं कानामागच्या हाडाला. शंभर मीटर खाली पंपात काय चाललंय ते त्या सळईतून वर येतं. सगळं ठीक असेल तर एकसारखी घूं. पाण्यातला तांबूस गाळ चाळणीवर चढला किंवा व्हॉल्व्ह जास्त उघडला गेला, तर पंपात बारीक खडे फिरल्यासारखे वाजतात. ते वाजले की लगेच हात चालवायचा, नाहीतर पंप आतून कुरतडला जातो.

एका दुपारी मी डबा घेऊन पंपघरात गेले. हे डोळे मिटून सळई लावून बसलेले, चेहऱ्यावर समाधान. आणि मला दारातूनच, सळईबिळई काही न लावता, खडे ऐकू येत होते.

‘अहो, खडे वाजतायत ना,’ मी म्हटलं.

ह्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तसं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. घाबरले होते हो. सळई माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘खरंच? कुठे?’

घूं ऐकू येत होती, खडे येत नव्हते. जन्मभर यंत्रांशेजारी उभं राहून बारीक आवाज तेवढे नेमके गेले होते. मला आधी राग आला. हे कितीतरी महिने माझ्या बोलण्याला ‘हं, हं’ म्हणत होते ते न ऐकताच, हे तेव्हा उमगलं. मग रडू आलं. मग मी पदर खोचला, सळई कानामागे लावली, आणि म्हटलं, ‘सांगते तसं फिरवा.’

त्या दिवसापासून दोन वर्षं, पंप सुरू करायच्या वेळी मी डबा घेऊन हजर. सकाळीही डबा, दुपारीही डबा. विद्यापीठात कौतुक व्हायचं, काकू काकांना किती जपतात! डब्यात कधी कधी नुसती रिकामी वाटी असायची. मी एका हाताने सळई कानामागे धरून बसायचे, आणि मोकळ्या हाताने ह्यांच्या पाठीवर टिचक्या मारायचे. एक टिचकी म्हणजे उघडा, दोन म्हणजे मागे घ्या, हात ठेवला की थांबा. हे चाक फिरवायचे. कुणी आलंच तर मी सळई खाली ठेवून डबा उघडायचे. साठीत आम्ही दोघं चोरून भेटणाऱ्यांसारखी वागत होतो, आणि चोरी कसली, तर पाणी उपसण्याची.

हे सगळं तसंच चालू राहिलं असतं. पण गेल्या वर्षी विद्यापीठाने चौथी इंजिनीअर नेमली. मुलगी. आमच्या लेकीपेक्षा चौदा वर्षांनी लहान, चष्मा सारखा नाकावर घसरणारा. ती आली ती पेट्या भरून सेन्सर घेऊन. पाइपला, मोटारीला, व्हॉल्व्हला तिने वायरी डकवल्या. व्हॉल्व्हच्या चाकाला स्वतःची मोटार बसवली. म्हणाली, ‘काका, तुम्ही आता आराम करा. हे सगळं कॉम्प्युटर करेल.’ आणि फळीवरून ते रजिस्टर काढून, त्यावरची धूळ ओढणीने पुसून, त्यातले आकडे एकेक करून कॉम्प्युटरला शिकवू लागली. अक्षराची तारीफसुद्धा केली.

हे माझ्याकडे बघेनात.

घरी आल्यावर मी म्हटलं, ‘आता तरी सांगा. ती सगळं नव्याने करतेय. खरे आकडे दिले की आपण सुटलो. उद्याच्या उद्या.’

‘सांगतो,’ म्हणाले. ‘चाचणी होऊ दे. नेहमीसारखा पंप अडेल, मी चालू करून देईन, तेव्हा बोलण्याच्या ओघात सांगतो.’

पण तिची चाचणी नेहमीसारखी नव्हती. साहेबांनी ठरवलं, तीन दिवस पंपघराला बाहेरून कुलूप. माणसाचा हात लागायचा नाही, तरच खरी परीक्षा. ह्यांनी दोनदा जाऊन साहेबांना गाठलं. साहेब म्हणाले, काका, किती काळजी करता, सुट्टी घ्या. एकोणीस वर्षांनी सुट्टी मिळाली आणि हे घरात फेऱ्या मारत बसले. पहिल्याच दिवशी दुपारी फरशीतली घरघर बंद पडली. मला ती कानांनी कळली, ह्यांना तळपायांनी. दोघं एकदमच उभे राहिलो.

कुलूप उघडून घ्यायला आठ तास गेले. किल्ली ज्या साहेबांकडे, ते मीटिंगमध्ये, मीटिंग दुसऱ्या गावात. तोवर पाणी जुन्या गटारातून वाट काढून नव्या ग्रंथालयाच्या तळघरात शिरलं. तिथल्या वाचनकक्षात दोनशे पोरं बसतात. त्या दिवशी परीक्षा संपलेल्या, म्हणून सात-आठच होती, ती पळाली. माणसाला इजा झाली नाही. खालच्या कप्प्यांतली पुस्तकं तेवढी फुगली, आणि भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर तांबूस रेघ उमटली, ती अजून पुसलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर ती मुलगी पंपघराच्या पायरीवर बसलेली. चष्मा हातात. तिला चौकशीला बोलावलं होतं. म्हणाली, ‘काकू, मी शंभरदा तपासलं. रजिस्टरप्रमाणेच सगळं दिलं होतं. माझंच कुठेतरी चुकलंय, पण मला सापडत नाहीये.’ आणि मग मला विचारते, ‘तुम्ही जेवलात?’

मी तिथून तडक आत गेले. हे मोटारीजवळ उभे होते. मी म्हटलं, ‘तुम्ही सांगताय की मी सांगू?’ त्यांना ऐकू आलं नसेल, पण कळलं. टोपी काढून ठेवली आणि बाहेर आले.

पायरीवर तिच्या शेजारी बसून ह्यांनी सगळं सांगितलं. पाळण्याच्या ड्रायव्हरचं, आभाराच्या पत्राचं, सात फेऱ्यांचं. तोंड उघडल्यावर मग एकही गोष्ट गाळली नाही. मी बाजूला उभी होते, आणि खरं सांगते, मला आनंद झाला होता. ती पोरगी ओरडेल, तक्रार करेल, साहेब हाकलून देतील. देऊ देत. मनातल्या मनात मी तव्यापासून पांघरुणांपर्यंत सामान बांधायला घेतलं होतं.

ती ओरडली नाही. तिने चष्मा लावला आणि वही काढली. ‘काका, खरे आकडे सांगा.’

‘अकरा फेरे. चार मिनिटं. एक मागे.’

आम्ही आत गेलो, तिने कॉम्प्युटरला तसं सांगितलं. पंप सुरू झाला. अकरा फेरे, चार मिनिटं, एक मागे. आणि खडे वाजू लागले.

ह्यांना ते ऐकू आलं नाही, पण त्यांनी माझा चेहरा पाहिला. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा खडे. तिच्या पडद्यावर लाल रेघा नाचायला लागल्या. ‘काका, अजूनही काही लपवताय का?’ असं तिने विचारलं, आणि तिच्या आवाजात पहिल्यांदाच राग होता.

‘नाही गं बाळा,’ हे म्हणाले. ‘शपथ नाही.’

तेव्हा मला समजलं. अकरा फेरे ही एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पंप झिजला, पाइप गाळाने आतून अरुंद झाले, पाण्याची चाल बदलली. हे आधी स्वतःच्या कानाने आणि पुढे माझ्या टिचकीने रोज थोडं थोडं बदलत गेले. कधी नऊ, कधी साडेबारा, कधी दोनदा मागे. मोजलं कुणीच नव्हतं. खरा आकडा असा काही उरलाच नव्हता. ह्यांनी एवढी वर्षं जपलेलं गुपित कधीच आटून गेलं होतं, आणि आमच्यापैकी कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

‘मग रोज कसं चालवत होता?’ मुलीने विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मला त्या क्षणी ह्यांचा असा संताप आला! खोटं बोलायचं तेव्हा सुंदर अक्षरात लिहिलंत, आणि खरं बोलायला बसलात तर मला पुढे केलंत? पण पंप खडखडत होता, आतून कुरतडला जात होता, ते मला सहन होईना. मी सळई उचलली, बोट कानात घातलं आणि म्हटलं, ‘तुझ्या त्या मोटारीला सांग, दीड फेरा मागे. हळू. अजून थोडा. थांब.’ घूं सुरू झाली. तिच्या पडद्यावरच्या लाल रेघा हिरव्या झाल्या. ती माझ्याकडे वळली, आणि तिच्या डोळ्यांत जे दिसलं त्याने मला धडकी भरली. एवढ्या गरजेने माझ्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं.

पुढचं सगळं साहेबांच्या खोलीत ठरलं, पंधरा मिनिटांत. ह्यांच्यावर कारवाई नाही, वय बघता. फक्त पंपघराचा पास परत घेतला. नवा पास माझ्या नावाचा. क्वार्टरही माझ्या नावाची. मुलीने समजावून सांगितलं की सेन्सरना नुसता आवाज कळतो, आवाज बरा की वाईट ते कळत नाही. ते कुणीतरी शिकवायला हवं. पंप प्रत्येक वेळी सुरू करताना मी ऐकायचं आणि सांगायचं, ती नोंदवणार. किती दिवस? ती म्हणाली, पाणी ऋतूप्रमाणे बदलतं, म्हणजे निदान एक वर्ष. मग चाचरत म्हणाली, दोन धरू या. साहेब म्हणाले, ‘काकू, तुमच्याशिवाय कसं व्हायचं?’

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. खिडकीतून ग्रंथालय दिसत होतं, दारात पोरं ओळीने पिशव्या टेकवून उभी. ते शब्द मला काढता येईनात. एकोणीस वर्षं मी ह्यांना विचारत आले होते, एक साधं वाक्य बोलायला तुम्हाला होतं काय? काय होतं ते मला त्या खुर्चीवर बसून कळलं.

ह्यांना घरात बसवेना. पास नसलेला माणूस फाटकापर्यंत जायचा, पहारेकऱ्याशी बोलायचा, त्याचं उत्तर न ऐकता परत यायचा. लेक म्हणाली, बाबांना तरी पाठव, इथे कानाच्या चांगल्या डॉक्टरीणबाई आहेत, मी वेळ घेते. हे म्हणाले, तुझ्याशिवाय नाही जाणार. मी म्हटलं, ‘तुम्ही व्हा पुढे. मी येतेच.’ मोठ्याने म्हणावं लागलं, शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल. त्यांची बॅग मी भरली. माझ्या बॅगेत ठेवलेले त्यांचे स्वेटर काढून त्यांच्या बॅगेत घातले.

गाडी सकाळी दहाची होती. नेमकं त्या दिवशी गाळ काढल्यावर दोन नंबर पहिल्यांदा सुरू करायचा होता, साडेनऊला. मी म्हटलं होतं, पंधरा मिनिटांत आटपून स्टँडवर येते. पंप ऐकेना. एकदा बंद पडला, दुसऱ्यांदा खडखडला. तिसऱ्यांदा सुरू केला तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून बसले होते, सळई कानामागे, बोट दुसऱ्या कानात, डोळे मिटलेले. घूं येत होती, तिच्या मागे कुठेतरी एक बारीक खडा होता, आणि तो जातोय की वाढतोय ते मला ठरवायचं होतं. माझ्या खांद्यावर हात पडला. हात मी ओळखला. पहारेकऱ्याने दोन मिनिटांसाठी आत सोडलं असणार. हात तसाच होता आणि मागे हे काहीतरी बोलत होते. शब्द नाही, नुसतं बोलणं चाललंय एवढं जाणवत होतं. मी डोळे न उघडता बोट वर केलं, म्हणजे एक मिनिट.

खडा गेला. घूं स्वच्छ झाली. मी वळले तेव्हा दार हलत होतं, आणि घड्याळात दहाला सात मिनिटं होती.

‘काका काहीतरी सांगत होते,’ मुलगी म्हणाली. आवाज नको म्हणून तिने कानांवर जाड टोप्या चढवल्या होत्या, त्या आता उतरवत होती. ‘बराच वेळ बोलले. मला वाटलं तुम्ही ऐकताय.’

म्हणजे ते बोलणं त्या खोलीत कुणीच ऐकलं नाही. बोलणाऱ्यानेसुद्धा नाही.

संध्याकाळी लेकीचा फोन आला, बाबा पोचले, चहा घेतायत. फोनवर त्यांना माझं बोलणं कळत नाही, म्हणून मी तिलाच म्हटलं, विचार गं त्यांना, निघताना मला काय सांगत होते. ती फोन हातात धरून मोठ्याने विचारत होती, दोनदा, तीनदा. मग परत आली.

‘आई, बाबा म्हणतात, सांगितलं की तुला तेव्हाच.’